शेजारच्या खातेदाराची सही

नाही हो, कसते ना — कसत नाही असं मी कुठे म्हटलं? मी एवढंच म्हटलं की कसणं कशाला म्हणायचं ते आधी तुमच्या सरकारनं ठरवावं. तुम्ही विचारलंत, 'शेजारच्या शेताच्या मालकीणबाई जमीन स्वतः कसतात का, होय की नाही', आणि पेन उघडून बसलात. असं एका शब्दात कसं सांगणार? बसा, त्या उलट्या क्रेटवर बसा — थांबा, पुसून देते, रस सांडलाय त्याच्यावर — हां, आता बसा. माझे हात चालू राहिले तर चालेल ना? गाडी अकराला येते आणि अजून बारा क्रेट भरायचेत. मोठे टोमॅटो इकडे, मधले तिकडे, तडकलेले त्या टोपलीत. तुम्ही विचारा, मी सांगते. आणि मॅडम, ती माझी धाकटी जाऊ आहे, नुसती शेजारीण नाही, हेही लिहा. नंतर कुणी म्हणायला नको, हिनं नातं लपवलं म्हणून.

हा बांध दिसतो ना, मघाशी तुम्ही ज्याच्यावर बूट घासलेत — त्याच्या इकडचे चार एकर आमचे, तिकडचे चार तिचे. सासरे गेले तेव्हा दोघा भावांनी दोरी धरून मधोमध वाटून घेतलं, तंटा नाही की बखेडा नाही. आमचे हे थोरले. धाकटा दीर ते लांबलचक ट्रेलर चालवतो, महिन्यातून दोन दिवस घरी असतो. चार वर्षांपूर्वी त्याला ही नोकरी लागली, तेव्हा एक दिवस नोंदणी कचेरीत गेला आणि सगळं शेत बायकोच्या नावावर करून आला. सगळं! आणि आल्यावर सांगितलं कसं, तर दिव्याचा बल्ब बदलून आल्यासारखं — 'मी इथे नसतो, दर वेळी सहीला कुठून येऊ?' झालं. ती चहा गाळत होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, 'बरं.' बरं! चार एकरांची मालकीण झाली आणि बरं! मी असते तर — जाऊ दे, मी नव्हते. मी त्याच संध्याकाळी ह्यांना म्हटलं, अहो, माझंही नाव लावा की तुमच्या जोडीला. तर मला म्हणतात, 'कशाला? मी कुठे जातोय?' म्हणजे बघा. माझं नाव लागायचं तर ह्यांनी आधी कुठेतरी जायला हवं.

एकतीस वर्षं झाली मला या मातीत. लग्नानंतर आठव्या दिवशी सासऱ्यांनी हातात खुरपं दिलं, ते अजून खाली ठेवलेलं नाही. ह्यांची कंबर गेली त्याला पाच वर्षं झाली, तेव्हापासून तर नांगरटीवाल्याला बोलवण्यापासून माल गाडीत चढवेपर्यंत सगळं मीच. ते आत खाटेवर आहेत, रेडिओ ऐकतायत, आवाज येतोय ना? आणि तुमच्या कागदावर मी कोण? मागे जनगणनेला एक साहेब आले होते, मी तिथे त्या खालच्या वाफ्यात पाणी फिरवत होते. लांबूनच ओरडून विचारलं, 'बाई, व्यवसाय काय?' आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच लिहिलं, घरकाम. गुडघ्यापर्यंत चिखलात उभी होते हो मी! त्यांना काय वाटलं, मी फरशी पुसतेय?

आणि आता हे तुमचं नवं धोरण. मला समजावू नका, वाचलंय मी, दोनदा वाचलंय. धरणातून पाइपलाइन येणार, एकेका पट्ट्याला एक व्हॉल्व्ह. आमच्या पट्ट्यात शेतं सोळा आणि व्हॉल्व्ह एक. तो ज्याच्या शेतात बसेल त्याच्याकडे किल्ली, त्याचं शेत आधी भिजणार, मग बाकीच्यांनी पाळीपाळीनं घ्यायचं. आणि तो बसणार कुणाच्या शेतात? पहिला क्रम स्वतः कसणाऱ्या स्त्री खातेदारांचा. दुसरा क्रम दोन एकरांच्या आतल्यांचा. तिसरा बाकी सगळ्यांचा — आमचे हे त्या बाकी सगळ्यांत. आता मला सांगा, आमच्या अख्ख्या पट्ट्यात बाईच्या नावावर शेत किती? एक. म्हणजे पहिला क्रम म्हणून तुम्ही जे छापलंय ना, ते धोरण नाही, ते माझ्या जावेचं नाव आहे. उद्या उन्हाळ्यात रोपं माना टाकतील आणि मी, तिची थोरली जाऊ, तिच्या दारात जाऊन उभी राहणार — किल्ली देतेस का गं? हो, माहीत आहे, तिला नाही म्हणता येत नाही, नियम आहे. अहो, पण ती नाही म्हणणारच नाही! तेच तर दुखणं आहे. हसत देईल. 'ताई, त्यात विचारायचं काय' म्हणेल. नाही म्हणाली असती तर निदान मला चार शब्द बोलता आले असते.

तो क्रेट जरा पायानं इकडे सरकवता का? हां, बास.

तुम्ही सरकारची माणसं म्हणून सांगते, मला कुणी विचारलं असतं की शेतकऱ्यांसाठी आधी काय करायचं, तर मी सांगितलं असतं. आधी दिवसा वीज द्या. मग हा रस्ता करा — पावसात गाडी त्या वळणापर्यंतच येते, तिथवर क्रेट डोक्यावरून न्यावे लागतात, माझ्या मानेला गाठ आलीय, हात लावून बघा. आणि तिसरं, जो जमीन कसतो त्याचं नाव कसणारा म्हणून कुठेतरी लिहा, मालक कुणीही असो. तुमची शाळेत बैठक झाली ना धोरणाची, मी गेले होते. तिसऱ्या रांगेत होते, खिडकीशेजारी. हेच तीन मुद्दे मनात घोकून गेले होते. पण समोर टेबलावर पाच साहेब, माईक, पाण्याच्या बाटल्या — माझी जीभच टाळ्याला चिकटली. आणि धाकटी उठली. उठली आणि तेच तीन मुद्दे बोलली! माझेच! दोनच दिवसांपूर्वी रोपं बांधताना मी तिला सांगितलेले. तुमच्या मोठ्या साहेबांनी वहीत लिहून घेतलं, 'वा वा, अभ्यास आहे तुमचा' म्हणाले. अभ्यास! टाळ्या वाजल्या हो तिला. म्हणजे — तिनं म्हटलं शेवटी, 'हे माझ्या थोरल्या जावेचं म्हणणं आहे' असं म्हणाली ती, हातही केला माझ्याकडे. पण ते ऐकलं कुणी? टाळ्या तोवर सुरू झाल्या होत्या.

आणि ते पुस्तक आहे का तुमच्या पिशवीत? ते धोरणाचं, गुळगुळीत कागदाचं — हो, हेच. बघा मुखपृष्ठ. कोण आहे? धाकटी. डोक्यावर टोपी घालून, ऊन तोंडावर घेऊन हसतेय. ती टोपी माझी आहे. त्या दिवशी फोटोवाला आला तेव्हा तिला टोपी सापडेना, तर माझ्या डोक्यावरची काढून घेतली. हातातला कुदळीचा दांडा पण माझाच, आणि कुदळ बघा कशी धरलीय, अशी धरून खणाल तर स्वतःच्या पायावर घालाल. आता आत उलटा, चौथं पान. ते दोन हात, ओंजळीत माती घेतलेले, खाली लिहिलंय 'कसणाऱ्या हातांना आधी'. ते हात कुणाचे? विचारा ना. तिच्या नखांना रंग होता, फोटोवाला म्हणाला, 'मॅडम, हे शेतकऱ्याचे वाटत नाहीत.' मग माझ्याकडे वळला. म्हणाला, 'मावशी, तुमचे हात द्या.' हे बघा, या अंगठ्यावर विळ्याचा वण आहे — आणि हा बघा फोटोतला. दिसला? तोंड तिचं, हात माझे. आणि पुस्तकात नाव एकाच बाईचं, मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, बारीक अक्षरात.

मला जळतं. हो, सरळ सांगते, जळतं मला. तुम्ही माझ्या मुलीच्या वयाच्या, तुमच्याशी काय लपवायचं? ती वाईट असती तर बरं झालं असतं. ती वाईट नाहीच. पहिल्या वर्षी तिनं घेवड्याचं बी वीतभर खोल पेरलं, एक कोंब वर आला नाही, आणि ही बांधावर बसून पोट धरून हसत होती. मी हसले असते का? मी चार दिवस जेवले नसते. दुसऱ्या वर्षी मी तिला वाफे धरायला शिकवलं, खत कधी द्यायचं, फुटवे कुठले खुडायचे — हे असे, काखेतले — सगळं मी शिकवलं. तिसऱ्या वर्षी ती माझ्याच शेतातून जाता जाता थांबली, एक पान उलटून बघितलं आणि म्हणाली, 'ताई, करपा आलाय, आजच फवारा.' माझ्या शेतात! मला सांगते! मी म्हटलं, ते उन्हाचे डाग आहेत, एकतीस वर्षं बघतेय मी. ती गेली, वळणाआड दिसेनाशी झाली, तेव्हा मी पंप पाठीवर घेतला आणि सगळं फवारलं. करपाच होता. आजतागायत तिला सांगितलेलं नाही. ते तुमच्या कागदात घालू नका हं.

आणि ह्यांचं काय सांगू? 'धाकटीनं मातीची तपासणी करून घेतली, तूही कर की.' 'धाकटीचं बघ, हिशेबानं पाणी देते.' धाकटी, धाकटी, धाकटी. बरं, नवऱ्याचं सोडा, नवरे बोलायचेच. माझी मुलगी — माझी हं, नऊ महिने माझ्या पोटात होती — ती शहरात शिकते, रविवारी फोन करते. कुणाला आधी? काकूला. मला कसं कळलं? मी फोन उचलला की म्हणते, 'आई, तुझी पाठ दुखतेय ना, काकू म्हणाली.' म्हणजे माझ्या पाठीची बातमीसुद्धा माझ्याकडून जात नाही. मी एकदा विचारलं तिला, मला का नाही आधी करत? तर म्हणते, 'आई, तू फोनवर नुसतं काकूबद्दलच बोलतेस.' मी? मी कधी बोलते तिच्याबद्दल?

काय म्हणता? तक्रार आलीय म्हणून तपासणीला आलात? होय का. बघा म्हणजे, लोकांना उद्योग नाहीत. कुणी केली असेल हो? या पट्ट्यात सोळा घरं, सोळाही घरांचं लक्ष त्या व्हॉल्व्हवर, कुणीही केली असेल. निनावी, नाही का? असंच करतात लोक. दुपारी बसायचं आणि दोन-दोन पानं भरून लिहायचं — लावणीच्या दिवशी प्रशिक्षणाला गेली होती, तोडणीला मजूर लावते, मंगळवारी नि शुक्रवारी शेतात नसतेच — काय झालं? असं का बघताय माझ्याकडे? तुम्हीच म्हणालात ना दोन पानं. नाही म्हणालात? मंगळवार-शुक्रवारही नाही? मग — मग मला कुठेतरी कानावर आलं असेल. पाण्याच्या टाकीपाशी. तिथे बायका बोलतात.

पेन मिटू नका. लिहा. बरं, नका लिहू, पण ऐका. त्यात खोटं काय होतं? लावणीच्या दिवशी ती प्रशिक्षणालाच होती, तिची रोपं मी लावली, माझी अर्धी ठेवून. मजूर लावते, हो, सगळेच लावतात, मीही लावते, पण ते पत्रात लिहायचं कारण नव्हतं. मंगळवारी नि शुक्रवारी ती शिवणाच्या दुकानात जाते, सकाळी पाणी सोडून जाते आणि आल्यावर बंद करते. एक ओळ खोटी नाही. मी खोटं लिहीत नाही. फक्त सगळं लिहिलं नाही. ती पहाटे उठते ते नाही लिहिलं, तिच्या घेवड्याला माझ्यापेक्षा जास्त शेंग लागते ते नाही लिहिलं. तुम्ही लिहिलं असतंत का? अगं, तू लिहिलं असतंस का — माफ करा हं, अगं म्हणाले. तोंडातून गेलं. मुलीशी बोलल्यासारखं झालं.

हो, तिच्यासारखं माझंही नाव लागू शकलं असतं, बरोबर. सहखातेदार म्हणून, तेवढ्यानं पहिल्या क्रमात बसता येतं, ते वाचलंय मी. मघाशी म्हटलं ना, ह्यांनी नाही लावलं. म्हणजे तेव्हा नाही लावलं. नंतर — आता तुम्ही असं रोखून बघितलंत की मला बोलावंच लागतं — नंतर, दोन महिन्यांपूर्वी, धाकटी स्वतःच अर्ज घेऊन आली. सहखातेदाराचा. मक्याची कणसं सोलत बसले होते मी. 'ताई, तुमच्यासाठी पण आणलाय, दादांची सही घ्या, मी नेऊन देते.' ह्यांना दाखवला. मला वाटलं, नाही म्हणतील, निदान कुरकुर करतील. कसलं काय, 'पेन कुठंय' म्हणाले आणि केली सही. एका दमात. वाचलंही नाही. मी चार वर्षं मनात धरून ठेवलेली गोष्ट ह्यांनी रेडिओचा आवाज कमी न करता उरकली. आणि तो अर्ज मी दिलाच नाही. फडताळात तळाला अंथरलाय, वर साखरेचा डबा आहे. रोज डबा काढते, रोज ह्यांची सही दिसते. का? का म्हणजे — तिनं आणलेला ना तो! तिनं आणायचा, तिनं नेऊन द्यायचा, आणि मी तिच्यामागून दुसरं नाव लावून घ्यायचं? एकतीस वर्षांनी? ती म्हणाली होती खरं, 'ताई, तुमचा नंबर माझ्या आधी लागेल बघा.' मला वाटलं, चिडवते.

काय? परत सांगा.

स्त्री खातेदार एकाहून जास्त असतील तर जिनं जास्त वर्षं कसली तिला आधी. असं लिहिलंय? कुठे? दाखवा. हे बारीक अक्षरातलं — चष्मा आत आहे माझा, तुम्ही वाचा. हळू वाचा. म्हणजे माझी एकतीस आणि तिची चार. म्हणजे व्हॉल्व्ह इकडे, बांधाच्या इकडे. किल्ली माझ्याकडे. आणि तिला माहीत होतं हे. अर्ज आणला तेव्हाच माहीत होतं तिला, की माझं नाव लागलं तर तिचं पहिलं स्थान गेलं.

थांबा, दोन टोमॅटो चुकीच्या क्रेटमध्ये गेले.

बरं, ते असो. ते झालं ते झालं. आता तुमची तपासणी पुरी करू. जबाबावर सही ना? द्या तो कागद. हात पुसते. कुठे करायची, इथे? मला सही चांगली येते, अंगठा नाही, सातवी झाली आहे माझी — काय? शेजारच्या खातेदाराचीच हवी? मग मी कोण बसलेय इथे? अर्धा तास झाला, कोण बोलतंय तुमच्याशी? तिनं कुठल्या दिवशी किती पाणी दिलं ते मला माहीत, रोपांच्या ओळी किती ते मला माहीत, आणि सही त्यांची? ज्यांनी पाच वर्षांत बांध ओलांडला नाही त्यांची? हो, कळलं मला. कळलं, मी खातेदार नाही. तुमचा दोष नाही, तुम्ही कशाला तोंड पाडता. ते करतील सही. ते 'होय'च लिहितील, मला विचारणारसुद्धा नाहीत. म्हणजे मी एवढी बोलले, बरंवाईट सगळं बोलले, त्यातलं तुमच्या फाइलीत काहीच जाणार नाही. एका परीनं बरंच झालं, नाही का?

एक विचारू? ते पत्र. ते फाइलीतच राहतं ना? कुणाला दाखवत नाही ना तुम्ही? प्रत देता? कुणाला — अर्जदाराला? तिला? पण निनावी असलं तर? निनावी असलं तरी द्यावीच लागते. बरं. मग कधी देणार आहात? म्हणजे मी आधी तिच्याशी — दिली? दिलीत? कधी? गेल्या सोमवारी. तिच्याच हातात. पोच घेतलीत, हो, दाखवू नका ती, विश्वास आहे माझा.

तिला माझं अक्षर माहीत आहे हो. या क्रेटवरच्या चिठ्ठ्या कोण लिहितं? मी. तिच्या क्रेटवरच्यासुद्धा मीच लिहिते, तिचं अक्षर गाडीवाल्याला लागत नाही म्हणून. चार वर्षं रोज बघतेय ती माझं अक्षर. सोमवार — सोमवारी संध्याकाळी ती आली होती इथे. चहा प्यायली. मंगळवारी दुकानातून येताना माझ्यासाठी पाठीला लावायचं मलम घेऊन आली. बुधवारी मला वाकता येईना, तर माझे सगळे क्रेट तिनं उचलून गाडीत ठेवले, एकटीनं, आणि मी इथे उभी राहून तिला सांगत होते, नीट ठेव, आपटू नकोस. आणि काल. काल म्हणाली, 'ताई, अर्जाची मुदत वाढवलीय, महिनाअखेरपर्यंत आहे, कोरा अर्ज आणलाय.' मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, 'तुला माझी एवढी काळजी कशाला गं?' ती म्हणाली, 'ठेवून जाते.' बस. सात दिवस झाले, एक शब्द नाही. बोलण्यात नाही, बघण्यात नाही. मी असते ना मॅडम, मला असं पत्र मिळालं असतं, तर त्या बांधावर उभी राहून सोळाच्या सोळा घरांना ऐकवलं असतं मी. आणि ही मलम आणते!

शेत तिचं, फोटो तिचा, टाळ्या तिला, माझ्या पोरीचे फोन तिला. आणि आता हा मोठेपणाही तिनंच घ्यायचा? थोरली मी आहे हो. एवढं एक तरी माझ्यासाठी ठेवायला नको होतं?

नाही, डोळ्यांत काही नाही, हा टोमॅटो फुटला. तुम्ही उठा आता. सरळ आत जा, चपला नाही काढल्या तरी चालतील. ते खाटेवरच आहेत, म्हणावं इथे सही करा, करतील. मला अजून सात क्रेट राहिलेत, गाडी यायची वेळ झाली. काय? कोरा अर्ज? हो, तोच, वजनकाट्याखाली ठेवून गेलीय ती, तिचंच काम. नाही, नका काढू. भरून काय देता, मला लिहिता येतं. तिनं दिलेला पहिला नंबर — नाही. राहू दे म्हटलं ना. मॅडम, हात नका लावू त्याला. जा तुम्ही. जा.